वळिवड्याची पोलिश पावणी

कोल्हापूरकरांनो, आजचं हे कम्युनिटीवर टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वळिवड्याची माझी आत्या आज पहिल्यांदाच शहर दाखवणाऱ्या बसमधून फिरायला आली. राजवाडा बघून आम्ही महावीर बागेतल्या पोलिश स्मारकापाशी उतरलो.

गाइड म्हणाला, "पावणं, महायुद्धात बेघर झालेली पोलंडची हजारो माणसं आपल्या वळिवड्यात ऱ्हायलीती. बायका-पोरंच जास्त."

"मी वळिवड्याचीच की," आत्या म्हणाली.

स्मारकाजवळ फुलं ठेवणारी एक गोरी म्हातारी बाई एकदम वळली. अडखळत मराठीत म्हणाली, "मी बी वळिवडे. ल्हान हुते. माझी आई हितल्या मातीत हाय."

 

आत्यानं तिचा हात धरला. "मग तुमी म्हायेरी आलाईसा. चला, जेवून जावा."

बस पुढं गेली. आम्ही तिघं रिक्षानं वळिवड्याला आत्याच्या घरी आलो. आत्ता त्या दोघी आत भाकरी खातायत आणि म्हातारी गावातल्या विहिरीविषयी विचारतेय.

इतकी वर्षं त्या बागेवरून जातोय, कधी थांबलो नाही. तुमच्या घरच्या थोरांना ती माणसं आठवतात का?