समुद्राच्या राजाचं दार

कोन गावच्या कमळाकरशेठना आयुष्यात काही कमी नव्हतं. एक्स्प्रेसवेच्या कडेची जमीन विकून त्यांनी बंगला बांधला, बंगल्याला खांब लावले आणि खांबांवर सिंह बसवले. कमी होती ती फक्त एका गोष्टीच्या शेवटाची, आणि तो पनवेलच्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

गोष्ट भामाआत्याची. समुद्राचा राजा एका मुलीला पळवून नेतो. तिचा भाऊ होडी घेऊन तिला आणायला निघतो, वादळं झेलतो आणि राजाच्या दारावर थाप मारतो. लहानपणी कमळाकर नेमका या थापेला झोपायचा. त्यामुळे बहीण घरी आली की नाही, हे चाळिशी उलटली तरी त्यांना माहीत नव्हतं. आता आत्या माणसांची नावं विसरायला लागली आणि शेठ घाबरले.

"आत्या, शेवट तेवढा सांग."

"दिवसाढवळ्या? ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, ठाव नाय?"

"मग रात्री सांग."

"रात्री मी डाक्टरची गोळी घेऊन झोपते."

कळंबोलीच्या पुलांखाली रोज कितीतरी मामा गोष्टीशिवायच वाट चुकतात, हे शेठनी सांगून पाहिलं. आत्या ढिम्म. मग शेठमधला बिल्डर जागा झाला. मामाच आणून घरात बसवला, तर चुकेल कुठे?

उपाय बिनतोड होता. अडचण एवढीच, की मोरा बंदरावरच्या तुळशीराममामांना वास्तुशांतीचं आमंत्रणच गेलं नव्हतं. त्या दिवशी दोन नगरसेवक येणार होते, आणि मामा लुंगीवर आले असते तर सिंहांना काय वाटलं असतं!

शेठ मोऱ्याला गेले. मामा जाळं सांधत बसले होते.

"मामा, घरी चला."

"कोन गेला?"

"कोनी नाय. गोष्ट आयकायचीय."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे भाच्याला मामा नको, मामाचा पत्ता पायजे." तरी ते गाडीत बसले.

आत्याने गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. मधूनच सांगायला ती काय सिरियल हाय, म्हणाली. गोष्टीत वादळ आलं आणि सोफ्यावर मामा घोरू लागले. आत्या थांबली. "झोपंत वाट चुकला तं?" शेठची बायको किशोरी मामांना चहावर चहा देत राहिली. अखेर राजाच्या दारावर थाप पडली. शेठ जागे होते. दार उघडलं.

"दार बहिनीनंच उघडलं," आत्या म्हणाली. "म्हनली, मी हितं सुखात हाय, येत नाय. पन आलास तं जेवून जा. तो जेवला नि गेला. झाली गोष्ट."

"झाली?" शेठ उभेच राहिले. "लढाई नाय? राजाला मारला नाय? मग एवढी होडी वल्हवली कशाला?"

"बहिनीला बघाया. अजून काय पायजे होता त्याला, प्लॉट?"

मामांनी कप खाली ठेवला. "जेवाया काय वाढलं तिनं?"

"सुक्या वाकटीचं कालवन नि तांदळाची भाकर."

"बरं केलं." मामा उठले आणि चपला शोधू लागले. "निघतो मी. आता चुकलो तरी कोनाचं अडत नाय."

शेठ काहीतरी सणसणीत बोलणार होते. पण समोर आईचा सख्खा भाऊ उभा होता, या घरात पहिल्यांदा आलेला आणि नुसत्या चहावर निघालेला.

"मामा, जेवून जा."

"काय केलंय?"

"पनीर," किशोरी म्हणाली.

मामा परत चपला शोधू लागले. आत्याने त्यांची लुंगी धरून त्यांना खाली बसवलं, आणि शेठ गाडीकडे पळाले.

पनवेलच्या बाजारात, करंजा बंदरातून आलेल्या सुक्या मासळीवालीपुढे कमळाकरशेठ कित्येक वर्षांनी उकिडवे बसले आणि एकेक वाकटी उलटीपालटी करून बघू लागले.

"शेठ, आज भाव नाय करायचा?" तिने विचारलं.

"नाय," शेठ म्हणाले. "चांगली दे. मामा आलाय घरी."