हात लावल्याशिवाय गिलावा नाही

सोपाननाना गेल्याचं पोस्टकार्ड पाटणकडून त्यांच्या पुतण्यानं टाकलं होतं. कंपनीतून सुटून घरी आलो तर आई ओट्यावर ते कार्ड हातात धरून बसलेली. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं होतं तिनं. "अरुण, नाना गेले रे," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. त्याला आता दीड महिना होईल. नाना गवंडी होते. भोसरीच्या रस्त्याला आमच्या कामगार सोसायटीची अठरा घरं आहेत, ती त्यांनी बांधली. गवंड्यावर कोणी लेख लिहीत नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. माझा धंदा ड्रॉइंगचा. रेष सरळ येते, वाक्याची खात्री देत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सोसायटीचं काम निघालं. घरांचे नकाशे मी काढले होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. पहिल्याच दिवशी नानांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "अरुणराव, भिंत किती जाडीची?"

"दीड फूट."

"मग दीड फुटी दगड किती सांगितल्यात खाणीवर?"

मी नकाशावर वाकलो. नकाशात तसलं काही नव्हतं. मग नानांनी मला शाळेतल्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, एक आतली नि एक बाहेरची, आणि मधे भर. दोघींना बांधून ठेवणारा लांब दगड आरपार गेला नाही, तर जमीन हलली की दोघी दोन दिशांना जातात. म्हणून प्रत्येक थरात ठरावीक अंतरावर भिंतीच्या जाडीइतका लांब दगड बसवायचा. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कपाटातून भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाच्या सरकारी नियमांची पुस्तिका आणली. इंग्रजीत होती. मराठी करून वाचायला लागलो तर त्यात हेच! शिवाय दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या घराला वेढणारा लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा, असंही होतं. नाना मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "कुनी लिवलंय ह्ये? त्याचं घर पडलं व्हतं का?"

मी हसलो. ते हसले नाहीत... त्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं.

पट्ट्यावरून सोसायटीच्या सभेत चांगलीच जुंपली. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. लोकांना त्या सिमेंटचा स्लॅब हवा होता, वर गच्ची हवी होती. एक जण म्हणाला, "पट्टा दिसतो का कुणाला राव? पाहुण्यांना काय दाखवू?" नाना शांतपणे म्हणाले, "आतडी बी दिसत न्हाईत भाऊ. म्हून काय काढून ठिवता का?" सभा हसली आणि पट्टा मंजूर झाला. वर कौलं आली. नानांचं म्हणणं, डोक्यावर जितकं हलकं तितकं बरं, आणि उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसता येतं ते वेगळं. जागेवरचे तिन्ही कडुनिंब त्यांनी राखले, त्यांच्या सावलीला पश्चिमेच्या भिंती आणल्या. पागोळ्यांचं पाणी पायात मुरू नये म्हणून चर खणून ते झाडांकडे नेलं. "झाड पाडायचं न्हाई, आन् पायाला चिकटून लावायचं बी न्हाई." माझ्या नकाशातली घरं त्यांनी अशी हातभर इकडे, हातभर तिकडे सरकवली. माझा तोराही तेवढाच सरकला.

त्यांचा एक रिवाज होता. भिंत पुरी झाली की आरपार दगडांच्या दोन्ही तोंडांना ते चुन्याचं बोट लावायचे आणि घरवालीला बोलवायचे. पुरुष शिफ्टला, म्हणून घरवाली. तिनं आतून-बाहेरून प्रत्येक दगडाला हात लावायचा, मगच गिलावा. बायका थट्टा करायच्या, "चला गं, नानांच्या देवांना हात लावून येऊ." पण जायच्या. माझी आई तर दोनदा जायची, पहिल्या खेपेला एखादा दगड सुटला असेल म्हणून.

आणि दुसरं म्हणजे, नाना बांधलेल्या घरात पाऊल टाकत नसत. काम संपून माणसं राहायला आली की चहा अंगणात, जेवणाचं बोलावणं असलं तर पानही ओट्यावर. स्वतः राहायचे भोसरीत, पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत. अठरा घरांच्या गवंड्याला स्वतःला एक भिंत बांधता येऊ नये का, असं मी एकदा चिडवलं होतं. "पत्र्याखाली झोप लागती," म्हणाले. मला वाटलं, विक्षिप्त आहे म्हातारा.

आता माझ्या पराक्रमाची गोष्ट. ती टाळून नानांवर लिहिता येणार नाही. आमचं घर शेवटून दुसरं. धाकट्या बहिणीचं, मंदाचं, लग्न ठरलं होतं आणि साखरपुडा नव्या घरात करायचा असा माझा हट्ट. मार्गशीर्षात नाना दरवर्षी आठ दिवस गावी जात, तसे गेले. नेमके तेव्हाच लांब दगड संपले. मोशीच्या खाणीवरून यायला आठवडा लागणार होता. मी त्यांच्या हाताखालच्या दोघा गवंड्यांना म्हटलं, "आहेत ते दगड वापरा आणि गिलावा मारून टाका. आत काय आहे ते कोण बघतंय?" ज्यानं नियमांची पुस्तिका वाचून दाखवली, त्याच शहाण्याच्या तोंडचं हे वाक्य.

नाना परत आले. गुळगुळीत भिंतीसमोर उभे राहिले. "यात लांब दगड किती?"

"आहेत ना. सगळे आहेत," मी म्हणालो.

आई दारात होती. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. "नाना, मी यातल्या एकालाही हात लावलेला नाही," ती म्हणाली.

वाटलं, आता सगळ्यांदेखत आपली चंपी होणार. पण नाना ओरडले नाहीत. बाहेर दगडांच्या ढिगावर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो, काहीतरी सारवासारव करायला. त्यांनी हातानंच बस म्हटलं.

"माझी भिंत बी लई देखनी व्हती, अरुणराव. गावातली मानसं बघाय यायची. दिवाळीच्या आत घर व्हायला पायजे म्हून घाई केली. लांब दगड गावला न्हाई... म्हनलं, कोन बघतंय? कोयनेचा भूकंप झाला तवा मी कामावर, साताऱ्यात. गावी आलो तर भिंतीची भायली बाजू अंगणात पडलेली, आन् आतली..." ढिगातला एक दगड त्यांनी उगाच सरळ केला. "आत बायको झोपली व्हती. मी बांधलेली भिंत, दुसऱ्या कुनाची न्हाई. तिचं वर्साचं श्राद्ध घालाय जातो मी मार्गशीर्षात."

मी उठलो, पहार घेतली आणि भिंतीत घातली. पहार धरायची सवय नव्हती, तळहात सोलले. दोन घाव झाले न झाले तोच नाना शेजारी येऊन उभे राहिले. "वरनं घ्या. खालनं घ्याल तर अंगावर येईल," म्हणाले आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं दगड उतरवायला लागले.

साखरपुडा कमरेइतक्या भिंतीशेजारी झाला. बारदानाचा पडदा लावला होता आणि वारा सुटला की तो पाहुण्यांच्या पानावर यायचा. मंदाच्या सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी लाजून जमिनीत शिरलो. आईनं मात्र ताठ मानेनं सगळं सांगितलं, माझ्या खोटेपणासकट. सासरे उठले आणि चुना लावलेल्या दगडांना एकेक हात लावून आले. "पोरगी चांगल्या घरातली आहे," म्हणाले.

पुढे एकदा कोयनेकडचा धक्का इथपर्यंत जाणवला. फळीवरची भांडी वाजली, आजूबाजूची माणसं रस्त्यावर धावली. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, मगच बाहेर आली. मला तेव्हा त्या भिंतीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या कुठल्याही ड्रॉइंगचा वाटला नाही. सोलून निघालेल्या माझ्या तळहातांसकट ती भिंत आमची होती.

हात थकल्यावर नाना गावी राहायला गेले होते. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात दाखवायला म्हणून पिंपरीला आले. पार वाळले होते. दुपारच्या उन्हात आमच्या अंगणात टेकले, तांब्याभर पाणी प्यायले. आईनं नेहमीप्रमाणे सतरंजी ओट्यावर टाकायला घेतली, तर म्हणाले, "वैनी, आज आत टाका."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आईनं पश्चिमेच्या खोलीत, त्याच भिंतीला लागून वाकळ अंथरली. नाना उंबऱ्यात जरा थांबले. मग आत गेले, भिंतीवर हात टेकवून खाली बसले आणि भिंतीकडे पाठ करून आडवे झाले. थोड्या वेळानं घोरायला लागले. मी रेडिओ लावला होता, आई धावत आली आणि बंद केला. दारावरून कोणी गेलं तरी ती ओठावर बोट ठेवायची. संध्याकाळचा चहा उकळून उकळून काळा झाला, पण तिनं त्यांना उठवलं नाही. दिवेलागणीला स्वतःच उठले, जरा ओशाळले. "लागली बरं का वैनी झोप," म्हणाले.

ते गावी गेले आणि मग हे कार्ड आलं. ती खोली आता रिकामीच असते दुपारची. तरी रेडिओ ऐकता ऐकता तिच्या दाराशी आलो, की माझा हात आपोआप आवाज कमी करतो.