एकचाकीवर उभं राहण्याची विनंती

माणूस आयुष्यभर समतोलाच्या शोधात असतो. निदान आमच्या इथल्या, तेलंगणातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माइक हातात आला की तसं म्हणतात. माझ्या पाहण्यात माणूस बहुतेक वेळ टेकायला जागा शोधतो. माझी बायको तर सव्वा वर्ष चांगली भिंत शोधत होती.

सुरुवात तारनाक्याला विद्यापीठाच्या रस्त्यावर झाली. आम्ही सकाळी फिरायला गेलो होतो. समोरून एक मुलगी एका चाकाच्या सायकलवर बसून आली. हँडल नाही, ब्रेक नाही, हातात अर्धं सोललेलं केळं. मला त्या केळ्याचाच जास्त राग आला. बायकोनं हात केला तशी ती उडी मारून उतरली. रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, वसतिगृहात राहत होती.

"कैसे सीखे?" बायकोनं विचारलं.

"गिरते जाना, आँटी. और क्या," ती म्हणाली आणि उरलेलं केळं तोंडात कोंबलं.

बायको तेव्हा बावन्न वर्षांची. शाळेत गणित शिकवते. इतकी सोपी रीत तिला कुणी कधी सांगितली नसावी.

"असले प्रकार सर्कशीत करतात. तेही तोंडाला रंग फासून," मी घरी आल्यावर म्हणालो.

"मग तुम्ही फासा रंग. मी चालवते."

महिन्याभरात चाक घरी आलं. विद्यानगरच्या आमच्या इमारतीमागे पार्किंगची भिंत आहे. तिला धरून बायको चढायची, दोनदा पायडल मारायची आणि पडायची. पायडल उलटं फिरून नडगीवर बसायचं. घरभर मलमाचा वास भरला. पोळ्या मी करायला लागलो, कारण तिच्या हातच्या पोळीलाही तो येऊ लागला होता. खालच्या मजल्यावरचे तेलुगू गृहस्थ एकदा वर आले आणि घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारू लागले. विचारताना ते माझ्या हातांकडे बघत होते.

मग एके दिवशी ती भिंत सोडून गेटपर्यंत गेली.

या वाहनाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. ते थांबवलं की माणूस पडतो. मुरलेले लोक जागच्या जागी पुढेमागे करत तग धरतात, तिला ते जमत नव्हतं. आणि एकदा उतरलं की धरायला काहीतरी असल्याशिवाय तिला परत चढता येत नव्हतं. आमच्या गल्लीत गतिरोधक आणि गटाराची झाकणं इतकी आहेत, की शंभर पावलांत उतरावंच लागे. तिला एकच हवं होतं: एक अख्खा रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे न उतरता.

हे मंडळाला कळलं. पाडव्याच्या मिरवणुकीत दरवर्षी नऊवारी नेसून, काळा चष्मा लावून बुलेट चालवणाऱ्या दोघीजणी असतात. त्या दोघी यंदा पुण्याला गेल्या होत्या. अध्यक्ष आमच्याकडे आले, त्यांनी चिवडा खाल्ला, बायकोच्या नडग्या न्याहाळल्या आणि म्हणाले, "तपश्चर्या!" मला चिवड्याची बशी उचलून आत नेऊन ठेवावीशी वाटली.

"वहिनी, मिरवणुकीच्या पुढे तुम्ही. नऊवारी, फेटा, हातात झेंडा. बॅनर छापायला टाकलाय. 'एकचाकी रणरागिणी'."

"रस्ता बंद असेल?"

"पोलिसांनी तासभर दिलाय. नवीन डांबर आहे, वहिनी. सव्वा किलोमीटर."

"येते," बायको म्हणाली.

"फक्त पाच ठिकाणी उभं राहायचं. फोटोसाठी."

"उभं राहता येत नाही. थांबलं की पडते."

"मग हळू चालवा."

"हळू केलं तरी पडते."

"तांत्रिक बाबी नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले आणि हात पुसायला रुमाल मागितला.

ते गेल्यावर मी म्हणालो, "रणरागिणी? तू या लोकांबरोबर जाणार?"

"मला रस्ता हवाय. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

पाडव्याला मंडळानं भाड्याचे फेटे वाटले. माझ्या वाट्याचा फेटा आधीच्या डोक्यांच्या घामानं आणि आवळ्याच्या तेलानं इतका मुरला होता, की मी तो काखेत धरला आणि मग काखेतही नकोसा झाला. पेढ्यांच्या खोक्यांवर माश्या बसल्या होत्या. बायकोनं नऊवारी मान्य केली, कारण त्यात पाय मोकळे राहतात. झेंडा नाकारला.

मिरवणूक निघण्याआधी अध्यक्षांच्या मनात आलं की सत्कार इथेच व्हावा, आणि चाकावर बसूनच व्हावा. खजिनदार आणि सहसचिव पुढे झाले. विसर्जनाच्या ट्रकवर मूर्ती चढवावी तसं त्यांनी तिला चाकावर चढवलं आणि दोन्ही दंड धरून उभे राहिले. खांद्यावर शाल पडली, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. अध्यक्षांनी माइक घेतला.

"कुणाच्याही आधाराशिवाय तोल सावरणारी ही स्त्री..."

आधार देणारे दोघं धापा टाकत होते. भाषण घर आणि नोकरी यांच्या समतोलापासून निघून इतिहासात शिरलं. खजिनदारांचा घाम तिच्या बाहीवर उतरत होता. लोक टाळ्या वाजवत होते. पोलिसांच्या तासातली पस्तीस मिनिटं गेली. अध्यक्षांच्या फेट्यावरून ती समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती.

"सोडा," ती म्हणाली.

"थोडंच राहिलंय, वहिनी," खजिनदार कुजबुजले.

"अहो, सोडा म्हणते ना!"

मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. दोघांचे हात आपोआप सुटले. ती पुढे झुकली. ती आपल्यावर पडणार असं वाटून अध्यक्ष बाजूला उडाले, शाल घसरली, ढोलवाल्यांनी वाट दिली आणि ती गेली. अध्यक्ष माइकवरून "वहिनी, थांबा, थांबा" करत राहिले. एवढं सांगूनही त्यांना कळलेलं नव्हतं.

मग मिरवणूक निघाली. पुढे बॅनर, त्याच्यामागे कुणी नाही, त्याच्यामागे आम्ही. अर्ध्या वाटेत माझा फोन वाजला.

"पोचले."

"कुठे कुठे उतरलीस?"

"कुठेच नाही. थेट मेन रोडपर्यंत." तिला दम लागला होता. ती हसत होती की रडत होती, ते ढोलांमुळे कळलं नाही. मी रस्त्याच्या मधोमध थांबलो.

"काका, चला की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"परत ये," मी फोनवर म्हणालो. "अध्यक्षांचं भाषण अर्धं राहिलंय."

"इथे धरायला भिंत नाही."

ती बसनं आली. तेलंगणात बायकांना सरकारी बस फुकट आहे. कंडक्टरनं तिला शून्याचं तिकीट दिलं आणि चाक दारातून बाजूला घ्यायला सांगितलं.