खंडेनवमीला पुसलेली खूण

रुपराव ढोबळ्यांचं गॅरेज कामठी रोडवर होतं. गाडी आवारात शिरते न शिरते तोच आवाज ऐकून ते सांगत, "व्हॉल्व्ह वाजून राहिला." सहसा तसंच निघे. पण त्र्याऐंशी साली नरखेडचे संत्रा व्यापारी मनोहरराव आपली लाल जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आले, आणि रुपरावांचा कान कामी येईना. या गाडीला कार्बुरेटरच नव्हता. पेट्रोल किती सोडायचं ते पत्र्याचा एक डबा ठरवी. त्यात कॉम्प्युटर आहे म्हणत.

गाडी गचके खाई. मनोहररावांनी सुट्या भागांसाठी तसलीच एक ठोकलेली गाडी विकत घेऊन ठेवली होती, पण ती एक-दोन वर्षं पुढच्या बनावटीची. "दसऱ्याले गाडी दारात पाहिजे, रुपरावजी. नाही तर ट्रकवर घालून मुंबईले पाठवतो," ते म्हणाले.

रुपरावांनी दोन्ही गाड्यांचे डबे आलटून पालटून लावून पाहिले. मूळच्या डब्यावर खडूनं फुली केली. शेवटी खोट निघाली एका सैल तारेत. मूळचा डबा बसवला, गाडी मस्त चालली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पान्हे, जॅक, हातोड्या, सगळं पाटावर मांडलं. ज्याच्या जिवावर गाडी चालते त्याला कसं वगळायचं, म्हणून रुपरावांनी डबा काढून पाटावर ठेवला. शेजारी दुसराही ठेवला. त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, ओल्या फडक्यानं सगळं लख्ख पुसलं, हळदकुंकू वाहिलं.

"अवं, फुली कुठं गेली?"

"कोणती फुली जी? मीनं तं धूळ पुसली."

"आता कोणता कोणाचा?"

"दोन्ही सारखेच तं दिसतात. लावा कोणताही!"

लावले. एकानं गाडी पटकन सुरू होई, पण तापली की गचके. दुसऱ्यानं सुरू व्हायलाच रडे, मग लोण्यासारखी चाले. दोन्ही डब्यांवरच्या आकड्यांत फक्त शेवटचा वेगळा होता, आणि आपला कोणता हे पाहून ठेवायचं रुपरावांना सुचलंच नव्हतं. काल गाडी गार असताना सुरू केली होती की तापलेली? तेही आठवेना.

दसऱ्याच्या सकाळी मनोहरराव आले. "यातला माह्या गाडीचा कोणता?"

"मले नाही समजत," रुपराव म्हणाले. गॅरेजात हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

मनोहररावांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "तं मंग बसा गाडीत."

पटकन सुरू करणारा डबा गाडीत लावला, दुसरा रुपरावांनी मांडीवर घेतला. नरखेडच्या वाटेवर, काटोलच्या अलीकडे इंजिन गचकलं. रुपरावांनी रस्त्याच्या कडेला डबा बदलला.

"आता कसं?" मनोहररावांनी विचारलं.

गाडी छान पळत होती. पण पुढे उतार होता, आणि उतारावर तर कोणत्याही डब्यानं गाडी पळते. रुपराव चढ येण्याची वाट पाहत कान देऊन बसले.