निळ्या वेशीवरचं नाव

बॅबिलोन अनेकदा पडलं. हित्ती आले, असिरियन आले, इराणी आले. जो आला त्याने हात धुऊन घेतले. त्याची शेवटची पडझड मात्र मी स्वतः पाहिली आहे. ती न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली आणि तिचा आवाज थर्माकोलचा होता.

२००३ सालचा उन्हाळा. आमच्या मराठी मंडळाची गणपतीच्या देखाव्याची मीटिंग अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये भरली होती. हे अध्यक्ष मूळचे पुण्याचे, धंद्याने सॉफ्टवेअरवाले आणि स्वभावाने शिलालेख. जे जे आपलं, त्यावर आपलं नाव पाहिजे. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, भांड्यांची अदलाबदल होते म्हणून आपण मराठी माणसं पातेल्यावर नाव घालतो, ते समजू शकतं. यांच्या घरी चमच्यावर नाव होतं. चिमट्यावर होतं. पुण्याहून येताना ते सगळा संच कोरून घेऊन आले होते. त्यांच्याकडे श्रीखंड खाल्लं की शेवटच्या घासाला वाटीच्या तळातून यजमान वर येत.

"शेजारच्या मंडळाने गेल्या वर्षी रायगड केला," अध्यक्ष म्हणाले. "आपल्याला त्याच्याहून जुनं काहीतरी पाहिजे."

"शनिवारवाडा?" कोणीतरी सुचवलं.

"अहो, तो रायगडापेक्षा नवा आहे!"

"मग बॅबिलोन करा," मी म्हणालो. मी हे निव्वळ खिजवायला म्हणालो होतो. पण अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना वारसाहक्काची बातमी दिली.

खजिनदार नागपूरचा होता, तोंडाने फटकळ. "अध्यक्ष, टीव्हीवर रोज इराक सुरू आहे. अमेरिकन सैन्याने बॅबिलोनच्या अवशेषांत तंबू ठोकलेत. आणि आपण हॉलमध्ये इराकचा दरवाजा उभा करणार? सरकारी सूटवाले चौकशीला आले तर मी सांगीन, मी फक्त प्रसादाच्या लाइनीत होतो."

"कला आणि राजकारण वेगळं असतं," अध्यक्ष म्हणाले. अशी वाक्यं त्यांच्याकडे तयार असत.

एका काकांनी तर बॅबिलोन मुळात आपलंच होतं, असं जाहीर करून टाकलं. पुरावा विचारल्यावर ते म्हणाले, "तासाची साठ मिनिटं त्यांनी केली म्हणतात. आता मला सांगा, इतका हिशेबी माणूस आपल्याशिवाय कोण?" यावर सर्वांनी गंभीरपणे चहा प्यायला.

देखाव्याचं निवेदन माझ्याकडे असल्यामुळे मी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि पुढच्या मीटिंगला मंडळींना जमेल तेवढा इतिहास पाजला. युफ्रेटिसच्या काठचं ते अफाट शहर, त्याची निळ्या चकचकीत विटांची वेस, तिच्यावरचे बैल आणि सापाच्या तोंडाचे प्राणी. आणि मग, केवळ अध्यक्षांची गंमत पाहावी म्हणून, मी हळूच सांगितलं, "ती वेस बांधणाऱ्या राजाने शहराच्या विटांवर आपलं नाव ठोकून घेतलं होतं. अडीच हजार वर्षं झाली, राजवाडा गेला, राज्य गेलं, वीट सापडली की नाव सापडतं. आपल्या काळात तिथल्या हुकूमशहाने राजवाडा पुन्हा बांधायला काढला, तर त्यानेही नव्या विटांवर स्वतःचं नाव छापलं."

"विटांवर," अध्यक्ष म्हणाले. एवढंच. पण त्यांचा चहा निवला.

मला तेव्हाच कळलं की आता काय होणार. तसं त्या माणसाला नावाची एवढी भूक का, हेही मला ठाऊक होतं. डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा त्यांची नोकरी गेली होती. वहिनी एकदा आमच्या घरी म्हणाल्या होत्या, "ह्यांना कामावरून काढलं त्याचं एवढं नाही वाटलं. पण डबा आणि फोटो घ्यायला क्युबिकलकडे गेले, तर बाहेरची नावाची पट्टी आधीच उपसलेली. रिकामी खाच पाहून आले, तेव्हापासून घरातला चमचासुद्धा तपासतात." नंतर त्यांना दुसरी नोकरी लागली, पण आता मंडळाच्या अध्यक्षपदाची मुदतही गणपतीनंतर संपत होती. खुर्ची जाणार, म्हणजे आणखी एक पट्टी उपसली जाणार. विसर्जनाआधी कुठेतरी नाव राहिलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. हे कळूनही मला त्यांची दया आली नाही. चिमट्यावर नाव घालणाऱ्याची दया किती करायची?

वेस त्यांच्या गॅरेजमध्ये तयार झाली. जाड थर्माकोलच्या विटा कापायच्या, पुढून निळा रंग द्यायचा, टूथपिकने एकमेकींत खोचायच्या. बैल एका हौशी काकूंनी काढले. ते पोटुशा मांजरांसारखे दिसत होते, पण जात होती ती बॅबिलोनचीच. विटांच्या मागच्या बाजूचं काम अध्यक्षांनी कोणाला करू दिलं नाही. "फिनिशिंग मी बघतो," म्हणाले. गॅरेजमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास येई. मी एकदा दारातून डोकावलो, तर हे सोल्डरिंग आयर्न घेऊन वीट मांडीवर घेऊन बसलेले. वीट पालथी, तिच्यावर त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"मागच्या बाजूला आहे," ते घाईने म्हणाले. "कुणाला दिसणार नाही. आपलं एक असावं."

"राजानेही असंच म्हटलं असेल," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

गणपतीच्या दिवशी हॉल भरला. आरतीला दिवे मालवायचे आणि वेशीच्या मागे बांधकामाचे मोठे हॅलोजन लावायचे, असं ठरलं होतं. दिवे मालवले. हॅलोजन लागले. आणि सगळ्या निळ्या वेशीवर सोनेरी अक्षरं पेटली.

तापलेलं टोक थर्माकोलात आरपार गेलं होतं. बाप्पाच्या डावीकडे, उजवीकडे, कमानीवर, मांजरांच्या पोटांमधून, प्रत्येक विटेतून अध्यक्षांचं नाव झगमगत होतं. फक्त ते मागून लिहिलेलं, त्यामुळे पुढून उलटं, डाव्याचं उजवं. काने अक्षरांच्या आधी, मात्रा उलट्या, वेलांट्या भलतीकडे. रेशमी झब्ब्यात उभ्या अध्यक्षांचा चेहरा पांढरा, मग लाल झाला. आता हशा पिकणार म्हणून त्यांनी डोळे मिटले.

हॉलमध्ये "आहाहा" उमटलं.

"बॅबिलोनची लिपी!" मागून एक काका ओरडले. "केवढा अभ्यास केलाय!" टाळ्या पडल्या. एका मावशींनी पुढे येऊन अक्षरांना नमस्कार केला. आणि मग त्या काकांनी मला, म्हणजे माईकला, विचारलं, "काय हो, काय लिहिलंय तिथे?"

अध्यक्षांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'सांग' होतं आणि 'सांगू नकोस'ही होतं. आयुष्यात असा माईक हाती क्वचित येतो.

"राजाचं नाव," मी म्हणालो.

"कुठल्या राजाचं?"

"ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही."

टाळ्यांनी छत हललं. आरती सुरू झाली आणि अध्यक्ष झांज घेऊन आपल्याच नावाच्या उजेडात, अनोळखी माणसासारखे उभे राहिले.

विसर्जनानंतर, खऱ्या बॅबिलोनचं जे झालं तेच आमच्या वेशीचं झालं. तिकडे आसपासच्या लोकांनी जुन्या विटा उपटून आपली घरं बांधली. आमच्या लोकांनी कुणी गॅरेजच्या फटीत, कुणी पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टला अशा विटा नेल्या. अध्यक्ष खुर्चीवरून उतरले. पुढच्या अध्यक्षांनी रायगड केला, शेजारच्यांपेक्षा उंच.

एक वीट माझ्या बायकोने उचलली आणि बेसमेंटच्या बाथरूमच्या खिडकीत वारा येतो म्हणून बसवली, निळी बाजू आत. त्या हिवाळ्यात माजी अध्यक्ष आमच्याकडे जेवायला आले. ऊन पडलेलं होतं. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

मी पाहायला गेलो. नळ वाहत होता. खिडकीतल्या विटेतून ऊन आरपार येत होतं आणि समोरच्या आरशात त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, सोन्यासारखं सरळ उमटलं होतं.

"पाणी छान गरम येतं तुमच्याकडे," ते म्हणाले.

तेव्हापासून ते आमच्याकडे आले की, जेवायचं असो वा नसो, आधी हात धुतात. दिवसाउजेडीच येतात.