भिंतीवरचा तिचा धागा

नातीच्या कॉलेजात पोरापोरींनी प्रदर्शन मांडलं होतं. मी गेलो नसतो. माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढं सगळं आयुष्य सुरतेत लिंबायतला कापडाच्या लूमवर गेलं, आपल्याला काय कळणार. पण नात म्हणाली, भिंतीवर आजी आहे. म्हणून गेलो. बायकोचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं.

मोबाईलवर लोक फोटो टाकतात आणि खाली एकेक शब्द चिकटवतात. त्याला टॅग म्हणतात. नातीनं सुरतच्या गल्ल्यांमधल्या फोटोंचे टॅग गोळा केले होते. कॉम्प्युटर एकेका शब्दाचा धागा करतो आणि भिंतीवर उजेडाचं कापड विणत बसतो. समोर माणूस हलला की धागे हलतात. शब्दाला बोट लावलं की त्याचा धागा जाड होतो, कोणी लावलं नाही तर विरून जातो. मी विचारलं, हे मीटरवर विकणार का. ती हसली नाही.

बायकोचा फोटो उलट्या खापरावर मांडे टाकतानाचा होता. खाली गल्लीनं लिहिलेलं, भाभी, मावशी, काकू. घोटाळा तिथंच झाला. कॉम्प्युटरनं आमची भाभी सुरतेतल्या झाडून सगळ्या भाभ्यांत घातली. भिंतीवर भाभीचा दोरखंड झाला होता. त्यात माझी कोणती ते मी बराच वेळ शोधलं. सापडली नाही.

"आबा, नाव टाकलं तर वेगळी दिसेल," नात म्हणाली. "मी टाकते."

"तू नको."

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. पुढं सगळा संसार 'ऐक गं'वर झाला. दवाखान्यातही मी 'ऐक गं'च म्हणत होतो. ती ऐकत नव्हती.

मीच एका बोटानं कॉम्प्युटरवर अक्षरं शोधून नाव टाकलं. धागा आला, पण अगदी बारीक. नात म्हणाली, कॉम्प्युटर एका माणसाचं बोट एकदाच मोजतो. बाकीच्यांनी लावलं नाही तर संध्याकाळपर्यंत जाईल.

एक गुजराती बाई फिरत फिरत आली. "काका, आ कोण?"

"माझी बायको," म्हणालो, आणि मोठ्यानं नाव सांगितलं. बोट लावा म्हटलं. ती म्हणाली, कशाला. म्हटलं, लावा ना. तिनं लावलं.

मग मी दारातच उभा राहिलो. येईल त्याला नाव सांगायचं आणि भिंतीकडं लावून द्यायचं. एकाला मी वॉचमन वाटलो, त्यानं पाणी कुठं ते विचारलं. पाणी उजव्या हाताला आहे असं सांगितलं आणि नावही सांगितलं.

दुपारी गल्लीतल्या बाया रिक्षा करून आल्या. त्यातल्या एकीच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. ती नाव वाचून थांबली.

"हे भाभीचं नाव?"

"हो."

"तुम्ही कधी हाकच मारली नाही, आम्हाला कुठून कळणार?"

"आता कळलं ना. बोट लावा."

तिनं लावलं, आणि पदर डोळ्याला लावून मागच्या बायांनाही पुढं ढकललं.

संध्याकाळी दिवे बंद करायला माणूस आला तेव्हा धागा होता. भाभीएवढा नाही, पण लांबून दिसत होता. घरी आलो तर घसा पार बसलेला. सून म्हणाली, एवढं काय बोललात. मी गरम पाणी मागितलं.