तोंडावर जळणारी मैत्रीण

"जळते मी, सच्ची!" असं म्हणून ती जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरायची. नववीतली एखादी मुलगी दप्तर उडवत, दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली की हिची नजर तिच्या गुडघ्यांवर. "बघ, कशी चढते. पोरीला पत्ता तरी आहे का, आपल्याकडे काय माल आहे ते!"

मग ती एक पायरी चढायची. आधी डावा पाय वर, मग उजवा त्याच्या शेजारी. थोडं थांबायची. पुन्हा डावा पाय वर. चित्रकलेची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि ती खाली आणायला मुख्याध्यापक तयार होते. पण वरच्या खोलीत उजेड चांगला येतो, म्हणून हिने नकार दिला होता.

विजय नगरातल्या त्या शाळेत आम्ही कितीतरी वर्षं बरोबर होतो. मी गणित शिकवायची, ती चित्रकला. तिचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते, आणि तेव्हापासून घराणं इंदूरचंच. त्यामुळे तिची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, अर्धी हिंदीच्या अंगणात खेळून आलेली. नवरा सांवेर रोडच्या एका पंपांच्या कारखान्यात होता. माणूस शांत. बायकोच्या बोलण्यावर "हां, ठीक है" एवढंच त्याचं मत.

तुम्ही-आम्ही हेवा करतो तो आतल्या आत. वरून "छान, छान" म्हणतो. तिला ते जमायचं नाही. हिंदीच्या मॅडमच्या मुलीला परदेशात नोकरी लागली आणि स्टाफरूममध्ये पेढे आले. पेढा हातात धरून ही म्हणाली, "बहुत जल रही हूँ मैं, मॅडम. माझी पोरगी नागपूरच्या पुढे गेली नाही अजून." मॅडम आधी चपापल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. त्याच मुलीच्या लग्नात मंडपाच्या दारापासून स्टेजपर्यंत रांगोळीची वेल हिनेच काढली. सकाळभर उकिडवी बसून. कोणी बोलावलं नव्हतं.

रांगोळी हे तिचं खरं काम. चित्रकला शाळेपुरती. चिमटीतून रेघ सुटायला लागली की तिचं बोलणंही बंद व्हायचं, आणि तिचं बोलणं बंद होणं ही गोष्ट एरवी आम्ही कधी पाहिली नाही. छापे नाहीत, गाळण्या नाहीत, फक्त बोटं. आयुष्यभर असं उकिडवं बसून गुडघे गेले, असं तिचा नवरा म्हणायचा. "मग काय टेबलावर चढून काढू?" असं ती म्हणायची.

दुखणं फार वाढलं तेव्हा मीच तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "दायाँ घुटना काफी घिस गया है. बायाँ अभी ठीक है. पहले फिजियोथेरपी करके देखिए. आराम नहीं पड़ा तो दायाँ बदल देंगे."

"बदलल्यावर खाली बसता येईल?"

"आलथी-पालथी मारके नहीं, उकडू तो बिलकुल नहीं."

"और रंगोली?"

"वो टेबल पे बना लीजिए, माताजी."

बाहेर आल्यावर ती एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून पुढे चालायला लागली. मला वाटलं, ऑपरेशनचं मनावर घेतलं. लिफ्टमध्ये म्हणाली, "माताजी म्हणाला मेला! स्वतःचे केस बघ की."

ऑपरेशन करायचं नाही, असं तिने त्या दिवशी ठरवलं. हे ठरवणं टिकलं ते पुण्याची जाऊ येईपर्यंत.

ही जाऊ मोठी, आणि लग्न झाल्यापासून हिच्या हेव्याची मुख्य धनी. तिने दोन्ही गुडघे बदलून घेतले होते. कुणाच्या तरी मुंजीसाठी ती इंदूरला आली, आणि नेमकी त्या दिवशी यांच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. जाऊ हातात पर्स घेऊन तीन मजले चढून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, तूही करून टाक. किती दिवस अशी खुरडत राहणार?"

दुसऱ्या दिवशी शाळेत आली तेव्हा हिचा चेहरा लाल होता. "दोन्ही करते आता. तारीख घेऊन टाकू."

"अगं, रांगोळीचं काय?"

"खड्ड्यात गेली रांगोळी. ती बाई माझ्या डोळ्यांसमोर तीन मजले चढली. दम पण नाही लागला! जळून खाक झाले मी, सच्ची."

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डाव्याला हात लावायला साफ नकार दिला. चांगला चालणारा गुडघा कशाला कापायचा? आणि उजव्यासाठीसुद्धा आधी नेटाने व्यायाम करा, मग बोलू, म्हणाले. तिने जंग जंग पछाडलं. "जाऊने दोन केले, मी एकच करू?" हे डॉक्टरांना समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. मी ते सांगितलं नाही.

अशा रीतीने ती फिजिओच्या क्लिनिकमध्ये दाखल झाली, आणि तिथे तिला जळायला नवा माणूस मिळाला. कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले एक माळवी काकाजी शेजारच्या पलंगावर असायचे. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, धरून ठेवायचा, हळू खाली आणायचा. काकाजींच्या घोट्याला वजनाचा पट्टा होता. हिला अजून दिला नव्हता.

"इनको क्यों दिया? मुझे भी बांधो."

फिजिओ मुलगी हसून म्हणाली, "आंटी, काकाजी छह महीने से आ रहे हैं."

"तो मैं क्या भजन करने आई हूँ?"

काकाजींनाही चेव चढला. ते म्हणायचे, "मॅडमजी, आराम से. घुटना है, मोटर नी है." ही ऐकेल तर ना! ती घरी टीव्हीसमोर पाय उचलायची, स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसून पाय ताणायची, वह्या तपासतानासुद्धा मांडीचा स्नायू आवळून धरायची आणि मला दाबून बघायला लावायची. "लागतो का कडक? काकाजींपेक्षा कडक असेल." काकाजींचा मी कशाला दाबून बघू?

पण फरक पडला. डावा गुडघा तर तक्रार करायचाच विसरला. उजवाही काही दिवस बरा वागला. जिन्यावर तिचं थांबणं कमी झालं. पुण्याला फोन करून तिने जाऊला ऐकवलं, "मी बिना चिरफाड चालतेय बरं का." त्या दिवशी तिने आम्हाला पोहे-जिलेबी खिलवली.

मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुख्य दाराशी मोठी रांगोळी नेहमी तीच काढायची. त्या वर्षी चित्रकलेला एक नवी मॅडम लागली होती, देवासची, अगदी कॉलेजातून उठून आल्यासारखी. रंग भरायला ती मदतीला होती. सकाळपासून दोघी बसल्या होत्या. गालिचा असा उतरला होता की येणारे पालक कडेकडेने, चपला हातात घेऊन जात होते.

शेवटचा ठिपका देऊन नवी मॅडम उठली. हात न टेकता, एका झटक्यात, साडी झटकत. ही उठायला गेली आणि उठली नाही. पुन्हा प्रयत्न केला. उजवा गुडघा अडकला होता. रांगोळीवर हात टेकवायला नको म्हणून तिने हात मागे घेतला आणि ती तशीच बसून राहिली. मी धावले. मी एका बाजूने आणि नव्या मॅडमने दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून तिला उभं केलं.

तिने त्या मुलीच्या पायांकडे पाहिलं. मी वाट बघत होते. आता म्हणेल, आता म्हणेल. ती म्हणाली, "थँक यू, बेटा," एवढंच.

तेव्हा मला भीती वाटली.

घरी सोडायला मी तिला माझ्या गाडीत घेतलं. सिग्नलला थांबलो तेव्हा ती समोर बघत बोलायला लागली.

"पाय नव्हताच गं तिथे. मी उठ म्हणते, आणि तिथे कोणी नाही."

"थकली होतीस. थोडे दिवस व्यायाम वाढवून बघ."

"उजव्याने पूरी कोशिश केली बिचाऱ्याने. और किती ताणू त्याला?" मग म्हणाली, "करून घेते. जाऊसाठी नाही आता. दोघींनी काखेत हात घालून उचललं ना, ते मला नाही चालणार. रांगोळी सुटेल. सुटू दे."

"सुटू दे" म्हणताना तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, दिवा हिरवा झाला होता. मला त्या क्षणी तिचा विलक्षण हेवा वाटला. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. पण पायाच्या बदल्यात द्यावं लागेल आणि देताना रडू येईल, असं माझ्याकडे काहीच नव्हतं. समीकरणं मी उभ्यानेच शिकवत होते. हे मी तिला बोलले नाही. मी गाडी पुढे घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं. पण फिजिओतून सुटका झाली नाही. क्लिनिकमधली ती मुलगी आता घरी यायची आणि नवा गुडघा वाकवायची, आणि हिचं ओरडणं पार्किंगपर्यंत ऐकू जायचं. "व्यायाम नाहीतर ऑपरेशन, एकच निवडायचं होतं ना गं? दोन्ही गळ्यात पडलं!" काही महिन्यांनी वॉकर गेला, मग काठी गेली. एकदा मला म्हणाली, "आता माझेच गुडघे एकमेकांवर जळतात. डावा म्हणतो, तो नवा. उजवा म्हणतो, तू खराखुरा."

टेबलावर रांगोळी तिने एकदाच काढून बघितली आणि पुसून टाकली. "जमीन लागते," म्हणाली. मग ती देवासच्या मुलीला शिकवायला लागली. स्वतः खुर्चीवर, मुलगी जमिनीवर. "रेघ ओढू नकोस, सोड. सोड, बेटा." एका दुपारी मी दारात उभी होते. मुलीने एक लांब वळणदार रेघ सोडली, न तुटता. हिने माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे भरलेले आणि भुवया चढलेल्या. "माझ्याहून साफ काढते मेली," असं हळूच म्हणाली.

ती निवृत्त झाल्यावर वर्षभरात तिच्या मुलीने आईवडिलांना नागपूरला न्यायचं ठरवलं. ट्रकने सामान पुढे गेलं होतं. सकाळी मी निरोप द्यायला गेले तेव्हा नवरा पाण्याच्या बाटल्या भरत होता आणि मुलगी गाडीत उशा लावत होती. मी हिला म्हटलं, "तुझा फार हेवा वाटतो गं मला."

"काय काकू तुम्ही पण!" मुलगी हसली. तिला ती रीतभात वाटली.

माझ्या मैत्रिणीला तसं वाटलं नाही. ती वळली, माझ्याकडे नीट पाहिलं, माझा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मुलगी हात द्यायला पुढे आली, तिला तिने बाजूला केलं. आधी सीटवर बसली. मग डावा पाय आत घेतला. मग उजव्या पायाला दोन्ही हातांनी खालून आधार दिला, झोपलेल्या बाळाला उचलतात तसं अलगद उचललं आणि आत ठेवलं. पदर सावरला. दार लागलं. गाडी वळणावर गेली तेव्हा तिचा हात खिडकीबाहेर होता, बोटं अजून हलत होती.